ख्रिस्तोफरचे पदक : रूपक, आख्यान आणि आभूषण

प्रवासाला निघताना गळ्यात संत ख्रिस्तोफरचे पदक घालण्याची रीत कॅथलिक समाजात जुनी आहे. नदीतून चालणारा धिप्पाड पुरुष, हाती काठी, खांद्यावर बालक. एवढेच चित्र त्यावर असते. ज्याच्या चरित्राविषयी इतिहासाला फारसे सांगता येत नाही, अशा या संताचे पदक इतकी शतके का टिकले?

उत्तराचा आरंभ शब्दापासून करावा लागतो. ‘ख्रिस्तोफोरोस’ या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘ख्रिस्ताला वाहणारा’. दुसऱ्या शतकात इग्नेशियसने इफिससच्या ख्रिस्तीजनांना लिहिलेल्या पत्रात हा शब्द साऱ्याच श्रद्धावंतांना उद्देशून येतो. तेथे तो निव्वळ रूपक आहे. पाचव्या शतकाच्या मध्यास आशिया मायनरमध्ये याच नावाच्या हुतात्म्याला अर्पण केलेले चर्च आढळते. पुढे तेराव्या शतकातील ‘लेजेंडा ऑरिया’ या संतचरित्रसंग्रहात रूपकाला देह लाभलेला दिसतो. सर्वांत सामर्थ्यवान स्वामीच्या शोधात निघालेला महाकाय पुरुष अखेर वाटसरूंना नदीपार नेऊ लागतो. एकदा खांद्यावरचे बालक पावलागणिक जड होत जाते. ते बालक ख्रिस्त असते.

चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरने ‘कँटरबरी टेल्स’मध्ये सरदाराच्या सेवकाच्या छातीवर चांदीचा ‘ख्रिस्तोफर’ रंगवला आहे. तो ‘ख्रिस्तोफरचे पदक’ म्हणत नाही, नुसते ‘ख्रिस्तोफर’ म्हणतो. विशेषनामाचे सामान्यनाम होणे ही वस्तू लोकव्यवहारात रुळल्याची खूण होय.

रुळलेल्या वस्तूचा ताईत व्हायला वेळ लागत नाही. या संताची प्रतिमा ज्या दिवशी पाहावी, त्या दिवशी दुर्मरण येत नाही, असा समज होता. १४२३ सालाची नोंद असलेल्या एका प्रसिद्ध काष्ठमुद्राचित्राखाली तसे आश्वासनच छापलेले आहे. १५११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मूर्खतेची स्तुती’ या ग्रंथात इरॅस्मसने नेमकी हीच समजूत उपहासाचा विषय केली. त्याचा रोख मार्मिक होता : वाहण्याची कथा विसरून माणसे केवळ संरक्षण मागत होती.

१९६९ मध्ये रोमन पंचांगाची पुनर्रचना झाली आणि २५ जुलैचा ख्रिस्तोफरचा स्मरणदिन सार्वत्रिक यादीतून वगळण्यात आला. त्याचे संतपद काढून घेतले गेले नव्हते, स्थानिक पातळीवर स्मरणदिन पाळण्यासही आडकाठी नव्हती. तरीही ‘संत रद्द झाला’ अशी भावना पसरली, अनेकजण दुखावले. पदके मात्र उतरली नाहीत. घोड्यावरून प्रवास करणाऱ्यांचा हा सोबती तोवर मोटारीच्या काचेमागेही येऊन बसला होता.

या टिकाऊपणाला भाबडेपणा म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. परंतु आख्यानाचे सत्य आणि चरित्राचे सत्य एकाच तराजूत तोलता येत नाही, हे साहित्याच्या अभ्यासकाला वेगळे सांगायला नको. कथेतला ख्रिस्तोफर स्वतः तरून जाण्यासाठी नदीत उतरत नाही; तो दुसऱ्याला पार नेण्यासाठी उतरतो. पदक घालणारा बहुधा रक्षणच मागत असतो. चित्र मात्र त्याला ओझ्याची आठवण देत राहते.