पावसाच्या अंदाजाची कुळकथा

सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरी वर्षाकाठी साडेपाच हजार मिलीमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, आणि त्याच सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपास येऊन थबकतो. या दोन टोकांच्या मधल्या मुलखात, कमंडलू नदीच्या काठी, रणदुल्लाखानाच्या मकबऱ्यामुळे इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित असलेले कोरेगाव तालुक्यातील रहिमतपूर वसलेले आहे. अशा सीमेवरच्या गावाला पावसाची हमी नसते आणि त्याच्याविषयी निराश होऊन बसण्याची सोयही नसते. या तालुक्याच्या कोरडवाहू रानात जो वाघ्या घेवडा पिकतो, त्याची पेरणी वाफसा साधून करावी लागते. पेर झाल्यावर पावसाने ओढ दिली तर उगवण विरळ होते, काढणीच्या वेळी झड लागली तर वाळत आलेल्या शेंगा रानातच काळ्या पडतात, आणि दुबार पेरणीचा प्रसंग आला तर बियाण्याचा खर्च दुसऱ्यांदा उभा करता करता कुटुंबाचा वर्षाचा हिशेब कोलमडतो. ‘पाऊस केव्हा येईल?’ हा प्रश्न या भागात कुतूहलाचा नसून उपजीविकेचा आहे, आणि म्हणूनच त्याला आजवर दिल्या गेलेल्या उत्तरांची कुळकथा येथे सांगावीशी वाटते.

या उत्तरांपैकी सर्वांत जुने व अद्यापही घरोघर वाचले जाणारे उत्तर पंचांगात आहे. पर्जन्यनक्षत्राचे वाहन ठरविण्याची रीत अशी की, सूर्य ज्या नक्षत्रात प्रवेश करतो त्यापासून त्या वेळच्या चंद्रनक्षत्रापर्यंत मोजावे, आलेल्या संख्येस नऊने भागावे, आणि जी बाकी उरेल तीवरून वाहन ओळखावे; बेडूक, म्हैस किंवा हत्ती आला तर भरपूर पावसाची आशा धरावी, कोल्हा किंवा मेंढा आला तर ओढीची भीती बाळगावी. त्याच पंचांगात, दोन-चार पाने उलटली की, ग्रहणाच्या स्पर्शाची व मोक्षाची वेळ तास-मिनिटांसह दिलेली असते, आणि ती वेळ चुकत नाही. एकाच ग्रंथातील, एकाच गणिती परंपरेच्या हातून आलेली ही दोन भाकिते. त्यांतील एक बिनचूक ठरावे आणि दुसऱ्याने दर दोन-तीन वर्षांनी शेतकऱ्यास तोंडघशी पाडावे, याचे कारण काय? वाहनाच्या गणिताचा वाऱ्याशी, बाष्पाशी वा समुद्राशी काहीएक संबंध नाही, हे उत्तर खरे असले तरी ते अपुरे आहे. कारण ज्या शास्त्राने वारा, बाष्प आणि समुद्र या तिहींचा संबंध समीकरणांत बांधला, त्या शास्त्रालाही पावसाच्या बाबतीत ग्रहणाइतकी अचूकता लाभलेली नाही. आणि ती का लाभत नाही हे कळावयास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाने १८१४ साली अशी कल्पना मांडली होती की, विश्वातील प्रत्येक कणाचे स्थान व त्यावर कार्य करणारी बले ज्या बुद्धीला एका क्षणी ठाऊक असतील, तिला भूत व भविष्य ही दोन्ही सारखीच प्रत्यक्ष होतील. ग्रहगणिताच्या यशाने भारावलेल्या त्या युगाला ही श्रद्धा शोभून दिसत होती. तिला पहिला तडा गेला तोही ग्रहगणितातच. स्वीडनचा राजा ऑस्कर दुसरा याच्या साठाव्या वाढदिवसानिमित्त ठेवलेले गणिताचे पारितोषिक १८८९ साली आंरी प्वांकारे यास, परस्परांना आकर्षिणाऱ्या तीन गोलांच्या गतीवरील निबंधाबद्दल मिळाले. परंतु निबंध छापून होत असता संपादनात साहाय्य करणाऱ्या फ्राग्मेन या तरुण गणितज्ञाने काही शंका विचारल्या, त्यांचा विचार करता करता प्वांकारेला आपल्याच सिद्धतेत गंभीर चूक आढळली, छापलेल्या प्रती परत मागवाव्या लागल्या, आणि पुनर्मुद्रणाचा जो खर्च त्याने स्वतःच्या पदरचा केला तो पारितोषिकाच्या रकमेहूनही अधिक भरला. या दुरुस्तीतून जे निष्पन्न झाले ते मूळ निबंधापेक्षा कितीतरी मोलाचे होते. तीन गोलांच्या गतीत असे मार्ग संभवतात की, आरंभीचा यत्किंचित् फरक पुढे वाढत वाढत सगळे भविष्यच पालटून टाकतो, हे त्याच्या ध्यानी आले. १९०८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने हाच विचार सामान्य वाचकांसाठी मांडला आणि हवामानाचे भाकीत इतके अनिश्चित का असते हे सांगताना त्याचाच दाखला दिला.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण पुष्कळांची समजूत येथेच घोटाळते. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगेच्या देवळात ज्या पाच नद्यांचे उगम पूजिले जातात, त्यांतील सावित्री पश्चिमेस उतरून अरबी समुद्राला मिळते आणि कृष्णा वाई, माहुली, कऱ्हाड, सांगली असा पूर्वेचा प्रवास करीत बंगालच्या उपसागरात विलीन होते. त्या डोंगराच्या धारेवर वीतभर अंतराने पडलेले दोन थेंब दोन निराळ्या समुद्रांना जातात, हे अल्प कारणाचे महत्परिणाम दाखविणारे उदाहरण प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहता येण्याजोगे आहे. पण धारेवरचा तो निर्णय एकदाच होतो. थेंब एकदा कृष्णेच्या खोऱ्यात उतरला की त्याचे पुढील भवितव्य कोणीही सांगावे. वातावरणाची गोष्ट अशी नाही. तेथे प्रत्येक पावलावर नवी धार उभी असते, एका ठिकाणची चूक पुढच्या ठिकाणच्या चुकीला जन्म देते, आणि तीही आपल्या आकाराच्या प्रमाणात वाढते. ग्रहणाच्या गणितातली चूक सरळव्याजाने वाढते, हवामानाच्या गणितातली चक्रवाढीने. आणि चक्रवाढीच्या कर्जाने काय होते हे आपल्याकडच्या शेतकऱ्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे.

हिंदुस्थानात पावसाचे सरकारी भाकीत सुरू झाले ते दुष्काळाच्या धक्क्याने. हवामान खात्याची स्थापना १८७५ची. पाठोपाठ १८७६ ते १८७८चा भीषण दुष्काळ दख्खनवर आला, आणि खात्याचे प्रमुख ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातील बर्फाच्या प्रमाणावरून मोसमी पावसाचा अंदाज बांधण्यास आरंभ केला. पहिला रीतसर अंदाज १८८६ साली निघाला. १९०४ साली आलेले गिल्बर्ट वॉकर हे मूळचे गणिती. जगभरच्या दफ्तरांतून दाब, तापमान व पर्जन्य यांचे आकडे गोळा करून आणि कारकुनांच्या फौजेकडून त्यांचे परस्परसंबंध मोजून घेऊन, प्रशांत महासागराच्या दोन बाजूंना हवेचा दाब तराजूच्या पारड्यांप्रमाणे वरखाली होत असतो असे त्यांनी दाखवून दिले. १९२८ साली खात्याची मुख्य कचेरी सिमल्याहून पुण्यास आली.

पावसाच्या भाकिताला ग्रहणाची अचूकता का लाभत नाही, या मूळ प्रश्नाचे उत्तर मात्र अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या एका खोलीत, निर्वात नलिकांवर चालणाऱ्या आणि खडखडाट करणाऱ्या एका लहानशा गणकयंत्राने दिले. १९६१च्या हिवाळ्यात हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ हे बारा समीकरणांनी बनविलेले एक कल्पित हवामान त्या यंत्रावर चालवून पाहत होते. आधी निघालेला एक क्रम पुन्हा तपासावा म्हणून त्यांनी मधल्या एका टप्प्याचे छापील आकडे यंत्रात भरले आणि ते कॉफी घेण्यास गेले. तासाभराने परत येऊन पाहतात तो, यंत्राने त्या अवधीत काढलेले दोन महिन्यांचे हवामान पहिल्याशी सुरुवातीला जुळत होते, मग किंचित सरकत होते, आणि अखेरीस दोहोंत कसलेही साम्य उरले नव्हते. यंत्र बिघडले असेल असा संशय प्रथम येणे स्वाभाविक होते. परंतु यंत्र निर्दोष होते. फरक होता तो भरलेल्या आकड्यांत. यंत्राच्या पोटात ०.५०६१२७ अशी सहा स्थळांची संख्या होती, आणि कागदावर जागा वाचावी म्हणून ती ०.५०६ अशी तीन स्थळांपुरती छापली जात होती. दशांशाच्या चौथ्या स्थळापासून पुढचे जे क्षुल्लक म्हणून गळले, ते त्या कल्पित हवामानात दर चार दिवसांनी दुप्पट होत गेले आणि दोन महिन्यांच्या आत त्याने सगळे आकाश व्यापले.

या प्रसंगाचे वर्णन दैवयोग म्हणून करण्याची प्रथा आहे. मला ती अन्यायकारक वाटते. आकडे जुळले नाहीत म्हणून कागद टाकून देणारे शंभर आढळतील. त्या न जुळण्याचाच पाठपुरावा करणारा एखादा. लॉरेन्झ यांनी पुढे बाराऐवजी तीनच समीकरणे घेऊन तोच गुणधर्म निखळ स्वरूपात दाखविला, आणि १९६३ साली तो निबंध हवामानशास्त्राच्या एका नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यातील गणना यंत्रावर करून देणाऱ्या एलेन फेटर या तरुणीचे आभार निबंधात मानलेले आहेत. गणितज्ञांचे व पदार्थवैज्ञानिकांचे लक्ष त्याकडे वळण्यास सुमारे दशकभर लागले.

फुलपाखरू आले ते नंतर. २९ डिसेंबर १९७२ रोजी वॉशिंग्टन येथे लॉरेन्झ यांचे व्याख्यान व्हावयाचे होते. शीर्षक वेळेवर हाती आले नाही म्हणून सभेचे संयोजक फिलिप मेरिलीस यांनीच ते ठरविले: ब्राझीलमधील फुलपाखराच्या पंखाच्या फडफडीने टेक्ससमध्ये वावटळ उठेल काय? तेव्हापासून फुलपाखराने वादळ घडविल्याची गोष्ट जगभर इतक्या वेळा सांगितली गेली की मूळ व्याख्यानातील सावधगिरी लोप पावली. एका फडफडीने वावटळ उठू शकत असेल तर दुसरीने ती टळूही शकेल, असे लॉरेन्झ यांनी तेथेच बजावले होते. असंख्य फुलपाखरे असंख्य वेळा पंख हलवीत असता कोणत्याही एका फडफडीच्या माथी वादळाचे कर्तृत्व मारता येत नाही. त्यांच्या म्हणण्याचा रोख मापनाच्या मर्यादेवर होता. वातावरण आपल्याला कधीही पूर्णांशाने मोजता येणार नाही, आणि जे मोजावयाचे राहते ते वाढते. निरीक्षणे दुप्पट काटेकोर केली तरी पदरात पडते ते चूक दुप्पट होण्यास लागणाऱ्या दोन-तीन दिवसांपुरते. शिवाय लहान लहान भोवऱ्यांतील चुका मोठ्या प्रवाहांतील चुकांपेक्षा अधिक वेगाने वाढतात, त्यामुळे सुमारे दोन आठवड्यांपलीकडे रोजच्या हवेचे तपशीलवार भाकीत शक्य नाही, असे त्यांच्या १९६९च्या संशोधनातून निघाले. आमच्याकडचा वळीव हा या लहान भोवऱ्यांचाच अवतार होय. वैशाखातल्या उन्हात दुपारी एखादा ढग चढतो, ओढ्याच्या अलीकडचे रान भिजवून जातो, पलीकडच्या रानात धूळही बसत नाही. आणि तो कोणत्या बाजूस पडेल हे त्या दिवशी सकाळी कोणत्याही यंत्राला छातीठोकपणे सांगता येत नाही.

मग चार महिन्यांच्या मोसमाचा अंदाज कशाच्या बळावर द्यावयाचा? याचे उत्तर शोधणाऱ्यांत पुण्याचा वाटा आहे. पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत काम केलेले जगदीश शुक्ल अमेरिकेत हवामानशास्त्रज्ञ ज्यूल चार्नी यांच्याकडे अध्ययनास गेले, आणि १९८१ साली त्या दोघांनी असे प्रतिपादन केले की, उष्ण कटिबंधातील मोसमाची एकूण प्रवृत्ती समुद्राचे तापमान, जमिनीची ओल, बर्फाचे आच्छादन अशा सावकाश बदलणाऱ्या गोष्टींच्या आधीन असते; म्हणून अमुक दिवशी पाऊस पडेल का हे सांगता येत नसले तरी मोसम एकंदरीत भरीचा जाईल की तुटीचा, हे काही अंशी सांगता येईल. १९८८ साली डॉ. वसंत गोवारीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा घटकांवर आधारलेले प्रतिमान प्रचारात आणले. अनेक वर्षे त्याने देशाला आधार दिला; पण २००२ साली सर्वसाधारण पावसाची अपेक्षा असता जुलैत सरासरीच्या निम्म्याच्या आसपासच पाऊस पडला आणि देशाचा मोसमी पाऊस सरासरीहून १९ टक्के कमी भरला. त्या वेळी टीकेची जी झोड उठली तीत अज्ञान फार होते, असे माझे स्पष्ट मत आहे. एका संख्येत सांगितलेले भाकीत केव्हातरी चुकणारच. त्याच्या शेजारी त्याची शंका मांडलेली नव्हती, हा खरा दोष.

ती शंका मोजण्याचे तंत्र १९९२च्या अखेरीस युरोप व अमेरिका येथील केंद्रांनी रोजच्या वापरात आणले. आजचे हवामान एकदाच यंत्रात न घालता, मापनाच्या चुकीइतके किंचित पालटून ते अनेक वेळा घालावयाचे, आणि निघणारी अनेक भविष्ये शेजारी शेजारी ठेवून पाहावयाची: ती एकमेकांस धरून राहिली तर भरवसा धरावा, फाकली तर सावध व्हावे. ज्या फरकाने लॉरेन्झ यांचा कागद बिघडविला, तोच आता मुद्दाम पेरला जातो. पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत विकसित झालेली, बारा किलोमीटरच्या चौकटींची व एकवीस भविष्यांची प्रणाली २०१८च्या जूनमध्ये हवामान खात्याच्या सेवेत आली. ‘प्रत्यूष’ हा महासंगणक त्याच वर्षी जानेवारीत तेथे बसविला गेला. ऑगस्ट २०१९मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली, तो पूर ज्यांनी पाहिला त्यांना डोंगरावर किती पाऊस होण्याचा किती संभव आहे या प्रश्नाचे मोल समजावून सांगण्याची गरज नाही.

आता उणीव आहे ती शेवटच्या मजलीत. जिल्ह्यासाठी पाच दिवसांचा अंदाज व कृषी सल्ला दर मंगळवारी व शुक्रवारी निघतो. पण वर्तमानपत्रातून, वाहिन्यांवरून आणि गावातल्या भ्रमणध्वनींवरून तो रहिमतपूरच्या रानापर्यंत येईतो ‘संभव’ हा शब्द गळतो आणि ‘धो धो कोसळणार’ एवढेच उरते. संपादकांना, वार्ताहरांना आणि तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे की, पावसाचा आकडा छापताना त्याच्या संभवाचा आकडाही छापावा. आणि वाचकांनी, पुढच्या मृगाच्या तोंडावर कोणी महिनाभर आधी पावसाची तारीख सांगू लागला तर त्याला एवढेच विचारावे की शंभरांत किती, आणि उत्तर मिळाले नाही तर बियाण्याची पिशवी फोडू नये.