शोषखड्डा आणि नोंदवही

मीरा-भाईंदर रस्त्यावरच्या सिल्व्हर पार्क परिसरात इमारतींची जी दाटी आणि दवाखान्यांच्या ज्या पाट्या आज दृष्टीस पडतात, त्या पाहून हा सारा मुलूख अगदी अलीकडेपर्यंत सरकारी दप्तरात ग्रामीण म्हणून नोंदलेला होता, असे सांगितले तर नव्या रहिवाशाला ते खरे वाटणार नाही. १९८५ साली नगरपालिका स्थापन होईपर्यंत येथील गावांचा कारभार ग्रामपंचायतींकडे होता, आणि भाताची खाचरे व मिठागरे हेच या भागाचे मुख्य दृश्य होते. मुंबईचे विद्यापीठ येथून आगगाडीने तासा-दीड तासाच्या अंतरावर. तरी विद्यापीठाने गावाकडे जावे, आणि तेही तेथील माणसांच्या आरोग्यासाठी, ही कल्पना त्या विद्येच्या दरबारात रुजण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली.

१८५७ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ आरंभी परीक्षा घेणे व पदव्या देणे यापलीकडे फारसे काही करीत नव्हते. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय तर त्याहून बारा वर्षांनी जुने. पण या संस्थांतून बाहेर पडणारा पदवीधर डॉक्टर शहराच्या वेशीबाहेर क्वचितच राहिला. सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ साली आपल्या अहवालात, वैद्यकाच्या विद्यार्थ्याला रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे तीन महिन्यांचे शिक्षण द्यावे आणि त्यातून ‘सामाजिक वैद्य’ घडवावा, अशी शिफारस केली. अहवाल उत्तम होता, आणि उत्तम अहवालांच्या वाट्याला येणारे भाग्यही त्याला लाभले: त्याचा आदर पुष्कळ झाला, अंमलबजावणी मात्र बेताचीच.

यानंतर १९५९ साली जी राष्ट्रीय सेवा समिती नेमली गेली तिचे अध्यक्ष आपले चिंतामणराव देशमुख होते. कुलाबा जिल्ह्यातल्या नाते गावी जन्मलेल्या आणि पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झालेल्या या गृहस्थांना हिशेबाची शिस्त अंगवळणी पडलेली. महाविद्यालयात जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने नऊ महिने ते वर्षभर सक्तीने सेवा करावी, असा सल्ला त्यांच्या समितीने दिला. खर्चाचा आकडा पाहून सरकारने तो बाजूला ठेवला. अखेर गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, शिक्षणमंत्री व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांसह जी राष्ट्रीय सेवा योजना सुरू केली, ती ऐच्छिक होती. नऊ महिने ते वर्षभराची तपश्चर्या आटून दोन वर्षांत २४० तास एवढी उरली होती.

या योजनेचा मोहरा म्हणजे शिबिर. १९७३ साली दुष्काळाविरुद्ध, आणि पुढच्या वर्षी अस्वच्छता व रोगराई यांविरुद्ध अशा घोषणा घेऊन विद्यार्थी गावोगाव गेले. शाळेच्या वऱ्हांड्यात मुक्काम, पहाटे प्रभातफेरी, दुपारपर्यंत श्रमदान, रात्री ओट्यावर भजन किंवा पथनाट्य, हा त्यांचा शिरस्ता बहुतेक मराठी सुशिक्षितांना परिचित आहे. श्रमदानात शोषखड्डा हमखास असे. मोरीचे सांडपाणी रस्त्यावर साचून डास होऊ नयेत म्हणून घरामागे सुमारे मीटरभर खोल खड्डा खणावयाचा, तळाशी मोठे दगड, त्यांवर लहान, त्यांवर खडी अशी भर घालावयाची, आणि तोंडाशी बुडाला भोके पाडलेले मडके बसवून त्यात नारळाचा काथ्या वा गवत भरावयाचे, म्हणजे खरकटे व साबणाचा गाळ तेथेच अडकतो आणि पाणी जमिनीत मुरते. युक्ती साधी व शास्त्रशुद्ध आहे. परंतु मडक्यातला काथ्या दर पंधरवड्यास बदलावा लागतो, नाहीतर खड्डा तुंबून पूर्वीपेक्षा अधिक डास पोसतो. शिबिर मात्र आठ-दहा दिवसांत उठते. समारोपाला जिल्ह्याचे साहेब येऊन श्रीफळ स्वीकारतात, छायाचित्र निघते, आणि काथ्या कोणी बदलावयाचा हा प्रश्न मडक्यातच राहतो. (विद्यापीठाची पायरी न चढलेल्या गाडगेबाबांना हे नेमके ठाऊक असावे, हातात झाडू घेऊन ते गावाला गावाचेच काम करावयास लावीत. आज अमरावतीचे विद्यापीठ त्यांचे नाव मिरवते.)

जेथे खरे काम झाले तेथे श्रेय फावड्याला द्यावे की नोंदवहीला, असा प्रश्न पडला तर मी नोंदवहीच्या बाजूने मत देईन. मीरा-भाईंदरवरून जाणाऱ्या पश्चिम रेल्वेच्या मार्गावर, भाईंदरची खाडी ओलांडून पुढे गेले की पालघर लागते. तेथे साठच्या दशकात मुंबईच्या ग्रँट महाविद्यालयाशी संबंधित बालरोगतज्ज्ञ डॉ. पी. एम. शाह व डॉ. उदाणी यांनी खेड्यांतील शाळकरी मुलांची तपासणी करून तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले; पुढे सत्तरच्या दशकात शाह यांनी डहाणू तालुक्यातल्या कासा येथे काम उभारले ते स्थानिक स्त्रियांच्या बळावर. या अर्धवेळ सेविका घरोघर जाऊन तराजूच्या झोळीत मूल ठेवीत, काटा स्थिरावण्याची वाट पाहत, आणि वजन त्याच्या पत्रकावर टिंबाने मांडीत. एका टिंबाला काही अर्थ नसतो; महिन्यामागून महिना टिंबे पडत गेली की रेघ चढते आहे, सपाट राहिली आहे की खाली वळली आहे, हे आईला दिसते, आणि मूल दिसावयास आजारी होण्यापूर्वीच ते उपाशी आहे, हे कळून येते.

ही चिकाटी संस्थेच्या नियमांतच ओवली ती सेवाग्रामने. गांधीजी १९३६ साली तेथे, म्हणजे तेव्हाच्या शेगावात, राहावयास गेले आणि त्याच वर्षी हिवतापाने त्यांना वर्ध्याच्या इस्पितळात जावे लागले. खेड्याचे अनारोग्य त्यांनी असे अंगावर घेतले होते. १९६९ साली, गांधीजींच्या वैद्य व पुढे केंद्रीय आरोग्यमंत्री झालेल्या डॉ. सुशीला नायर यांनी तेथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था काढली. प्रत्येक नव्या तुकडीने एक गाव दत्तक घ्यावे, पहिल्या वर्षी काही दिवस त्या गावात राहावे, प्रत्येक विद्यार्थ्याकडे चार-पाच कुटुंबे सोपवावी, आणि नंतरही नियमाने त्यांच्या घरी जात राहावे, असा तेथला रिवाज. पहिल्या भेटीत माणसे शासकीय प्रश्नांना शासकीय उत्तरे देतात. कितव्या तरी खेपेस, चहा पिऊन झाल्यावर, घरातली बाई आपल्या पाळीच्या त्रासाविषयी किंवा सासऱ्याच्या खोकल्याविषयी बोलू लागते. वैद्यकाच्या पुस्तकात ही खेप मोजलेली नसते.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून त्याच संस्थेतील डॉ. उल्हास जाजू यांनी आणखी एक पाऊल पुढे टाकले. सुगीच्या वेळी गावकऱ्यांनी ऐपतीप्रमाणे ज्वारी जमा करावयाची, मोठ्या शेतकऱ्याने अधिक, भूमिहीन मजुराने थोडी. आणि त्या मोबदल्यात गावात आरोग्यसेवक व संस्थेच्या कस्तुरबा रुग्णालयात सवलतीचे उपचार. शिबिराच्या पाहुण्यासमोर हात जोडणारा गावकरी या व्यवस्थेत धान्याच्या पोत्याशी बसून सेवक वेळेवर येतो की नाही, औषध मिळते की नाही, याचा जाब मागू शकत होता, आणि डॉक्टरांना तो द्यावा लागत होता.