बद्द तार, मुका स्वर : जवारीच्या इतिहासातील एक पान

बुलढाणा जिल्ह्यात अखंड हरिनाम सप्ताह बसला की वीणा सात दिवस जमिनीला टेकत नाही. पहारे बदलतात, वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. तिच्यावर गत वाजवायची नसते. मोकळ्या तारा छेडून स्वर धरायचा असतो. त्यामुळे एखादी तार बद्द वाजून लगेच विझू लागली, की भजनाचा आधारच जातो. अशा वेळी आमच्याकडे पहिला उपाय म्हणजे तार बदलणे. तो पुष्कळदा वाया जातो, कारण दोष तारेत नसतोच. तो कुठे असतो, याचा शोध आपल्याला मिरजेला घेऊन जातो.

एकोणिसाव्या शतकात हत्यारांची मागणी ओसरली, तेव्हा मिरजेतील शिकलगार घराण्यातील फरीदसाहेब सतारमेकर तंतुवाद्यांकडे वळले. पोलादाला धार लावणारे हात घोडी घासू लागले. तंबोऱ्याची घोडी वरून सपाट दिसते, पण तिला अतिशय सूक्ष्म उतार असतो. कंप पावणारी तार त्या उतारावर टेकत-सुटत राहते आणि स्वराला झंकार येतो. हीच जवारी. वर्षानुवर्षांच्या घर्षणाने घोडीत चर पडतो, तार त्यात रुतते आणि स्वर मुका होतो. कारागीर कानसाने तो चर काढून उतार पुन्हा जमवतो. मिरजेत स्थायिक झालेले अब्दुल करीम खाँ (निधन १९३७) स्वतः तंबोरे दुरुस्त करीत, जवारी लावीत. घोडीसाठी वापरले जाणारे हस्तिदंत वन्यजीव कायद्यांमुळे मागे पडले आणि हाड, कृत्रिम पदार्थ आले. कसब मात्र तेच राहिले.

कारागिरांच्या या ज्ञानाला शास्त्राची जोड कोलकात्यात मिळाली. तार ज्या बिंदूवर छेडावी, तिथे ज्या उपस्वरांचा कंप शून्य असतो ते उपस्वर उमटू नयेत, असा पाश्चात्त्य ध्वनिशास्त्राचा नियम. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली दाखवले की तंबोरा आणि वीणा हा नियम मोडतात. जे उपस्वर मुके असायला हवेत, तेच घोडीच्या वक्रतेमुळे बोलू लागतात.

त्याआधी, १९१६ साली, वित्त खात्यात नोकरी करीत असतानाच त्यांनी व्हायोलिन आणि चेलोच्या 'लांडगा-स्वरा'वर लिहिले होते. वाद्याच्या अंगाची स्वतःची कंपनसंख्या तारेच्या कंपनसंख्येशी जुळली, की ऊर्जेची ओढाताण सुरू होते आणि स्वर घुरघुरतो.

माझ्या मते बिघडलेल्या स्वराची ही दोन कुळे आहेत. एक स्पर्शाचे, दुसरे अंगाचे. दोन्ही एकत्र पाहायची असतील तर बिनपडद्याची बास गिटार पाहावी. जॅको पास्टोरियस या अमेरिकन वादकाने आपल्या बासचे पडदे उपटले, खाचा भरल्या आणि लाकडावर इपॉक्सीचा थर दिला. १९७६ च्या त्याच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेने तो आवाज जगभर गेला. तिथे तार लाकडावर जवळजवळ लोळते, म्हणून स्वर जवारीसारखा फुलतो. पण लाकडात खोलगा पडला तर पुढचा उंचवटा तारेला अडवतो. मग पट्टी घासून समतल करावी लागते. याउलट, पट्टी निर्दोष असूनही ठरावीक स्वर लवकर विझत असेल, तर गिटारची मान त्या स्वराची ऊर्जा गिळत असते. घासून उपयोग नाही. मानेच्या टोकाला थोडे वजन लावले तर ती मुकी जागा सरकते.

हीच पारख वीणेलाही लागू पडते. तार अर्धा स्वर चढवून किंवा उतरवून पाहावी. बद्दपणा गेला तर संशय अंगावर. कायम राहिला तर आधी घोडी तपासावी. नवी तार आणणे हा त्यानंतरचा विचार.

२०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाने नाव जपले जाईल. कोणता उतार किती घासायचा हे मात्र कानालाच कळते, आणि तो कान तयार व्हायला उमेदवारीची कित्येक वर्षे जातात. आमच्या गावोगावच्या देवळांतल्या वीणा त्या कानावरच अवलंबून आहेत.