फुरशाच्या अंगावरील सूक्ष्म शत्रू



आजच्या भाषणाचा विषय ऐकून कित्येकांस हसूं येईल. "साप चावल्यास काय करावें तें सांगा, सापासच रोग झाला तर आम्हांस त्याचें काय?" असा प्रश्न मला माझ्या घरींच विचारण्यांत आला. परंतु आपल्या रत्नागिरीचा इतिहास पाहिला म्हणजे सापाच्या प्रकृतीशीं माणसाच्या जिवाचा किती निकट संबंध आहे, हें ध्यानांत येतें.

कातळावर, जांभ्या दगडांच्या गडग्यांत आणि पालापाचोळ्याखालीं राहणारें फुरसें कोंकणांत कोणास ठाऊक नाहीं? जेमतेम हातभर लांबीचा हा जीव. पण डिवचला गेला कीं वेटोळीं एकमेकांवर घांसून करवतीसारखा आवाज करतो. एकोणिसाव्या शतकांत सरकारनें त्याच्या नाशासाठीं बक्षीस लावलें. व्हिडाल नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें 1890 सालीं नमूद केलें आहे कीं, रत्नागिरी जिल्ह्यांत सहा वर्षें दरसाल सरासरी 2,25,721 फुरशांबद्दल बक्षिसें वांटण्यांत आलीं. एवढा संहार होऊनही फुरसें नाहींसें झालें नाहीं. 

त्यानंतर थोड्याच वर्षांत, 1895 च्या सुमारास, काल्मेट या फ्रेंच शास्त्रज्ञानें सर्पविषावर रक्तजलाचें औषध सिद्ध केलें. घोड्यास थोडथोडें विष टोंचीत गेल्यास त्याच्या रक्तांत विषाचा प्रतिकार करणारें द्रव्य उत्पन्न होतें, हें त्याचें मर्म. मुंबईस परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसांत 1899 सालीं जी प्लेगची प्रयोगशाळा थाटली गेली, तिलाच 1925 सालीं हाफकीन संस्था हें नांव मिळालें. तेथें पुढें नाग, मण्यार, घोणस आणि फुरसें या चौघांच्या विषावर एकच औषध तयार होऊं लागलें. त्यासाठीं साप जिवंत हवे होते. ज्या फुरशास मारल्याबद्दल पैसे मिळत, तेंच आतां जपून धरावें लागूं लागलें!

सापापासून किती विष मिळतें, याची नोंद ठेवणें हें मोठें चिकाटीचें काम. हाफकीन संस्थेंतील डॉ. पी. जे. देवरस यांनीं तेथील सर्पालयांतील अशा नोंदी 1963 सालीं प्रसिद्ध केल्या. परंतु पेटींतला साप रानांतल्या सापासारखा राहत नाहीं. तो खाणें टाकतो, रोडावतो, आणि त्याच्या अंगावर एक सूक्ष्म शत्रू वाढूं लागतो.

हा शत्रू म्हणजे गोचिडीचा धाकटा भाऊबंद. त्यास माइट म्हणतात. फ्रान्समधील जर्व्हे यानें 1844 सालीं त्याचें वर्णन केलें. आकार खसखशीच्या दाण्याएवढा. रक्त प्यालेला असला म्हणजे काळा दिसतो. रानांत साप जागा बदलतो, त्यामुळें अंड्यांतून निघालेल्या पिलांस तो सांपडतोच असें नाहीं. पेटींत मात्र तीं चहूंकडे अंडीं घालतात, आणि दोन-तीन आठवड्यांत नवी पिढी त्याच सापावर तुटून पडते. कॅमिन या अमेरिकन संशोधकानें 1948 सालीं दाखवून दिलें कीं, हा किडा नुसतें रक्त पीत नाहीं. रक्त नासविणारे जंतूही एका सापापासून दुसऱ्यास पोंचवितो.

याची ओळख अवघड नाहीं. डोळ्यांच्या कडेस व हनुवटीखालच्या खांचेंत हलणारे काळे ठिपके, खवल्यांवर पांढरी धूळ, आणि पाण्याच्या भांड्यांत तासन्तास बसून राहणारा साप, हीं त्याचीं लक्षणें. पांढरें फडकें अंगावरून फिरविलें तर त्यावर रक्ताचे डाग उमटतात. तोंडाच्या रोगांत हिरड्या लाल होऊन दह्याच्या गोळ्यासारखा पू सांठतो. विष काढतांना दुखावलेल्या तोंडास ही भीति विशेष. कात तुकड्या-तुकड्यांनीं निघणें, तोंड उघडें ठेवून श्वास घेणें, हींही वाईट चिन्हें होत.

उपाय करावयाचा तो साप आणि पेटी या दोहोंचा. आंतील सारा पालापाचोळा फेंकून द्यावा, पेटी कढत पाण्यानें धुऊन वाळवावी, तळाशीं साधा कागद घालावा, आणि दोन आठवड्यांनीं हेंच पुन्हा करावें. कारण अंडीं औषधानें सहसा मरत नाहींत. जपानच्या मातींतील एका सूक्ष्म जंतूपासून निघालेलें आयव्हरमेक्टिन यावर उपयोगी पडतें. त्याच्या शोधाबद्दल ओमुरा व कॅम्बेल यांस 2015 सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. मात्र मात्रा पशुवैद्यानेंच ठरवावी. कांसवास तर तें प्राणघातक ठरतें. नवा साप आधीं कांहीं आठवडे निराळा ठेवणें, हा सर्वांत स्वस्त उपाय.

तामिळनाडूंतील इरुळा सर्पधारकांच्या 1978 सालच्या सहकारी संस्थेनें याहून शहाणा मार्ग काढला. साप थोडे आठवडेच ठेवावा, मोजक्या वेळां विष घ्यावें, आणि पुन्हा रानांत सोडून द्यावा. रोगास वाढावयास अवधीच द्यावयाचा नाहीं!

श्रोतेहो, रानांतला साप धरून घरीं बाळगणें 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याविरुद्ध आहे. तें कोणीं करूं नये. दुखणाईत साप दिसल्यास वनखात्यास कळवावें, आणि दंश झाल्यास मांत्रिकाकडे न जातां तडक दवाखाना गांठावा. ज्या जिल्ह्यानें एकेकाळीं फुरशाच्या मुंडक्यावर बक्षीस घेतलें, त्याच जिल्ह्यांत भातकापणीस गेलेल्या बाईचा जीव आज फुरशाच्याच विषापासून झालेल्या औषधानें वांचतो. तें विष देणारा साप निरोगी असावा, याची काळजी म्हणूनच आपलीही आहे.