सुलावेसीचे काळे माकड आणि वॉलेसचा तर्क

इंडोनेशियातील सुलावेसी बेटाच्या उत्तर टोकावरील जंगलात एक काळेकुळकुळीत माकड राहते. डोक्यावर केसांचा तुरा, पुढे आलेले लांब तोंड आणि शेपूट जेमतेम दोन सेंटिमीटर. 1822 मध्ये देमारे या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने त्याला नाव दिले ते बॅबूनांच्या गटात बसवून. ते लांबट तोंड पाहिल्यावर दुसरे काय सुचणार? पण बॅबून राहतात आफ्रिकेत आणि अरबस्तानात. मध्ये अख्खा हिंदी महासागर!

आल्फ्रेड रसेल वॉलेस 1856 ते 1859 या काळात सुलावेसीला तीनदा गेला. बोर्निओ इतके जवळ, तरी तिथले कितीतरी प्राणी इथे नाहीत, हे त्याला खटकले. उलट हे माकड, आनोआ नावाचा बुटका रानरेडा आणि वर वळलेल्या सुळ्यांचे बाबिरुसा डुक्कर यांचे साम्य त्याला आफ्रिकेकडच्या प्राण्यांशी दिसले. हिंदी महासागरात पूर्वी जमीन असावी आणि तिच्यावरून हे प्राणी आले असावेत, असे त्याने 1869 च्या ‘द मलाय आर्किपेलगो’ या ग्रंथात सुचवले. समुद्रापलीकडच्या नात्यांना बुडालेल्या जमिनीचा पूल हे त्या काळातले नेहमीचेच उत्तर होते. त्यामुळे तर्क वेडगळ म्हणता येत नाही. त्याचा पाया मात्र निव्वळ दिसण्यावर होता.

आज हे माकड ‘मकाका नायग्रा’ म्हणून ओळखले जाते. म्हणजे आपल्याकडच्या लाल तोंडाच्या माकडाच्याच प्रजातीतले! त्याचे जवळचे नातेवाईक बोर्निओ-सुमात्राकडची डुकरासारख्या आखूड शेपटीची माकडे. पूर्वज बहुधा तिकडूनच, समुद्राच्या पट्ट्यावरून वाहत आले आणि बेटावर पसरले. वॉलेसला बेटभर एकच माकड दिसले होते. बरोबर शंभर वर्षांनी, 1969 मध्ये, जॅक फूडन यांनी तिथे सात जाती वेगळ्या दाखवल्या. प्रत्येकीचा मुलूख निराळा.

दिसण्यावरून नाते ठरवू नये, हे सांगताना आपण वर्गात नेहमी देवमाशाचेच उदाहरण देतो. हेही द्यायला हरकत नाही. मात्र मुलांना पुढचेही सांगावे लागेल: मांसासाठी होणारी शिकार आणि जंगलतोड यांमुळे हे माकड आता अतिसंकटग्रस्त यादीत आहे.