मातीत घेतलेली तालीम

१८९४, ग्राइफ्सवाल्ड. जर्मनीच्या उत्तर टोकाला असलेलं विद्यापीठाचं गाव. विकृतिशास्त्रज्ञ ओटो बुसे यांच्या खांद्यावरून तुम्ही डोकावताय. तुम्ही इथे कुणाला दिसत नाही. फक्त बघायची मुभा आहे. काचपट्टीवर एका ३१ वर्षांच्या बाईच्या नडगीच्या हाडातला तुकडा आहे. गाठ कर्करोगाची वाटत होती, पण भिंगाखाली वेगळंच निघालंय: पेशींच्या गर्दीत गोलसर, चकचकीत कण. बुसे ते वाढवून बघतात. यीस्ट! पाव फुगवणाऱ्या, दारू आंबवणाऱ्या जातीची बुरशी जिवंत माणसाच्या हाडात काय करतेय? बाई पुढे वाचत नाही. तिच्यावर उपचार करणारे आब्राहाम बुश्के आणि बुसे या दोघांच्या नावाने हा रोग काही काळ ओळखला जाईल. आज आपण त्या बुरशीला क्रिप्टोकॉकस म्हणतो.

आता आल्प्स ओलांडा. साल तेच, देश इटली. फ्रांचेस्को सानफेलिचे यांना अशीच बुरशी सापडलीय ती आंबलेल्या पीचच्या रसात. म्हणजे एकाच वर्षी एक माग माणसाच्या हाडात निघालाय आणि दुसरा फळाच्या रसात. ही बुरशी मूळची कुठली, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल, तर तो धरून ठेवा.

१९३०. आल्डो कास्टेलानी यांच्या प्रयोगशाळेतली एक बशी. त्यात याच नात्यातलं एक यीस्ट वाढवायला ठेवलंय आणि न बोलावलेला पाहुणा आत शिरलाय. अमीबा. एका पेशीचा हा जीव अंगाचाच हात पुढे करून यीस्टच्या कणाला विळखा घालतो, पोटात घेतो, पचवतो. पुढे या अमीबाला कास्टेलानींचंच नाव मिळेल: अकँथअमीबा कास्टेलानी. बशी बिघडली, असं तुम्हाला वाटेल. या बिघाडाचा अर्थ नीट लागायला अजून सत्तर वर्षं आहेत.

१९५५, वॉशिंग्टनचा परिसर. चेस्टर एमन्स यांच्याबरोबर जुन्या इमारतीच्या पोटमाळ्यावर चढा, पण नाकाला रुमाल लावा. कबुतरांची घरटी, वर्षानुवर्षं साचलेली कोरडी विष्ठा, पाऊल पडलं की उडणारी धूळ. दादरच्या कबुतरखान्यावरून गेलेल्यांना हा वास ओळखीचा वाटेल. चार वर्षांपूर्वी एमन्स यांनी ही बुरशी मातीतून वेगळी काढली होती. आता ती कबुतरांच्या विष्ठेत मुबलक सापडतेय. कबुतरं मात्र ठणठणीत. त्यांच्या अंगाची ऊब ४१-४२ अंश सेल्सिअस, तिथे बुरशीचं फारसं चालत नाही. विष्ठेत तिला नायट्रोजन मिळतो, ती सुकते, आक्रसते आणि धुळीबरोबर थेट फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यापर्यंत पोचण्याइतकी बारीक होते.

१९६२, पश्चिम जर्मनी. फ्रीडरिश श्टाइब यांनी बुरशी वाढवण्यासाठी पक्ष्यांच्या खाद्यातल्या बिया वाटून घेतल्यात. बिया हातात घेऊन बघा. काळ्या, बारीक, लांबट, तेलकट. हे तर कारळे! आपण भाकरीबरोबर ज्यांची चटणी खातो तेच. या माध्यमावर इतर यीस्ट पांढुरकी राहतात, क्रिप्टोकॉकसच्या वसाहती मात्र तपकिरी होत जातात. कारळ्यातल्या फिनॉल जातीच्या रसायनापासून ती मेलॅनिन तयार करते आणि आपल्या भिंतीत साठवते. आपल्या त्वचेला काळेपणा देणाऱ्या रंगद्रव्याच्याच कुळातलं हे रंगद्रव्य बुरशीचं ऊन आणि विषारी रसायनांपासून रक्षण करतं. माणसाच्या मेंदूतही डोपामीनसारखी रसायनं भरपूर असतात, आणि त्यांपासूनही तिला मेलॅनिन बनवता येतं.

१९९१, न्यूयॉर्क, ब्राँक्स. एड्सची लाट आहे आणि त्यावरची आजची औषधं अजून आलेली नाहीत. खाटेवरच्या तरुणाचं डोकं कित्येक दिवस दुखतंय, एकाची दोन दिसतायत. डॉक्टर पाठीच्या मणक्यातून पाणी काढतात, त्याच्या थेंबात काळी शाई मिसळतात आणि काचपट्टी भिंगाखाली सरकवतात. वाका आणि बघा. काळ्याभोर पार्श्वभूमीवर गोल कण, आणि प्रत्येकाभोवती रुंद, स्वच्छ वलय. शाईला जिथे शिरता येत नाही तो हा शर्करेचा जाड लगदा: बुरशीचं चिलखत. त्यामुळे आपल्या पांढऱ्या पेशींना तिला धरणं जड जातं. उपाय म्हणजे ॲम्फोटेरिसिन, व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतल्या जिवाणूपासून १९५०च्या दशकात मिळालेलं. ते येण्याआधी मेंदूपर्यंत पोचलेला हा रोग म्हणजे मरणच होतं. औषध शिरेतून सुरू होतं आणि तरुण थंडीने कुडकुडू लागतो. मूत्रपिंडांवरही ते भारी पडतं.

याच ब्राँक्समध्ये, आइनस्टाइन वैद्यकीय महाविद्यालयात, क्यूबात जन्मलेले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आर्तुरो कासादेवाल एका कोड्याने हैराण आहेत. माणसाकडून माणसाला हा रोग सहसा लागत नाही. बुरशीला जगायला माणसाची गरज नाही. माणूस मेला की तीही त्याच्याबरोबर संपते. मग चिलखत, मेलॅनिन, पेशींची आवरणं फोडणारी विकरं, हा सगळा सरंजाम तिने जमवला कुणासाठी?

२००१. उत्तर कासादेवाल यांच्या प्रयोगशाळेत आहे आणि ते तुम्ही १९३० साली पाहिलंय. अकँथअमीबापुढे बिनचिलखताची बुरशी ठेवली: फस्त. चिलखतवाली ठेवली: ती अमीबाच्या पोटात गेली, तिथेच वाढली आणि अमीबालाच मारून बाहेर आली. माणसाच्या फुप्फुसातली मॅक्रोफाज ही रक्षक पेशी भक्ष्य गिळते ते जवळजवळ अमीबासारखंच. कासादेवाल यांचं म्हणणं असं, की मातीत अमीबांशी झुंजता झुंजता बुरशीने जे डावपेच कमावले, तेच आपल्या शरीरात चालून जातात. आपण तिचं लक्ष्य नव्हतोच. तिच्या जुन्या भांडणात आपण नाहक सापडलो.

२००६. पडद्यावर जिवंत मॅक्रोफाजचं चित्रण चालू आहे. आत बुरशी आहे. तुम्ही स्फोटाची वाट बघताय. तसं काही होत नाही. रक्षक पेशी बुरशीला अलगद बाहेर टाकते आणि दोघीही जिवंत राहतात. न्यूयॉर्क आणि बर्मिंगहॅम इथल्या दोन गटांना एकाच वर्षी हे दिसलं. पुढे अमीबातही हेच आढळलं.

परत आज या. प्रवासात श्वास घेताना क्रिप्टोकॉकस तुमच्या फुप्फुसात गेली असेल का? तशीही ती कधीच गेली असण्याची शक्यता आहे. ब्राँक्समधल्या पाच वर्षांवरच्या बहुतेक मुलांच्या रक्तात तिच्याविरुद्धची प्रतिपिंडं सापडली होती. धडधाकट शरीर तिला गप्प बसवतं. इतर बहुतेक बुरशींविरुद्ध तर आपली ३७ अंशांची ऊबच आपल्या मदतीला असते. ३० ते ४० अंशांच्या दरम्यान तापमान एकेक अंशाने चढलं, की दर अंशामागे बुरशींचे आणखी सुमारे सहा टक्के वाण बाद होतात, असा कासादेवाल आणि व्हिन्सेंट रॉबर्ट यांचा २००९चा हिशेब आहे. क्रिप्टोकॉकस ही उरलेल्या थोड्यांपैकी एक. प्रतिकारशक्ती ढासळली की ती डोकं वर काढते. एचआयव्हीबाधितांमध्ये या बुरशीमुळे होणाऱ्या मेंदूज्वराने २०२० साली जगात सुमारे १,१२,००० मृत्यू झाले, असा अंदाज आहे. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने घातक बुरशींची पहिली यादी काढली, तेव्हा तिला सर्वांत गंभीर गटात बसवलं.

हे मृत्यू पुष्कळसे टळू शकतात. रक्ताच्या थेंबात या बुरशीचा अंश शोधणारी पट्टी सुमारे दहा मिनिटांत निकाल देते, आणि मेंदूज्वराची लक्षणं दिसण्याच्या कितीतरी आधी तो दाखवते. वेळेत कळलं आणि बुरशी अजून मेंदूत पोचली नसेल, तर फ्लुकोनॅझोलच्या गोळ्यांवर भागतं. तुमच्या ओळखीत कुणी एचआयव्हीवर उपचार घेत असेल आणि त्यांच्या रक्तातल्या सीडी-फोर या रक्षक पेशींचा आकडा २००च्या खाली असेल, तर एचआयव्हीची औषधं देणाऱ्या एआरटी केंद्रात या तपासणीबद्दल विचारायला सांगा. आणि अशा माणसाचं डोकं आठवडाभर सतत दुखत असेल, तर घरच्या घरी वेदनाशामक गोळ्या देत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.