मलूल

खरसुंडीच्या यात्रेत खिलार बैल बघणारा आधी दात मोजतो, मग नाकपुडी बघतो. नाक ओलं असेल तर जनावर धड. नाक कोरडं, कान पडलेले, रवंथ बंद, पुढ्यातली पेंडसुद्धा नुसती हुंगून सोडलेली, म्हणजे जनावर मलूल. आटपाडी, माण, जत या पट्ट्यात हा शब्द गुरांना चालतो, तापलेल्या पोराला चालतो, उन्हानं माना टाकलेल्या मेथीलाही चालतो. माणसाच्या दुःखाला आपण तो फारसा लावत नाही.

गंमत अशी की तो जन्मला दुःखासाठीच. मूळ अरबी, धातूत कंटाळा आहे, वीट आहे. फारसीत ‘मलूल’ म्हणजे खिन्न, उदास. इकडे तो आला तो राज्यकारभारातून: या पट्ट्याजवळचं मिरज आदिलशाहीत होतं आणि कागदपत्रांत फारसी-मराठी एकत्र नांदत होत्या. मराठीत रुळताना मनाचा हा शब्द अंगावर उतरला आणि थेट दावणीला बांधला गेला.

मन आणि अंग यांची ही सोयरीक शास्त्राला फार उशिरा पटली. आजारी जनावर अंग टाकतं ते अशक्तपणानं, असंच धरलं जाई. १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातले पशुवैद्य बेंजामिन हार्ट यांनी उलट मांडलं: हे पडून राहणं शरीराचा डाव आहे. ताप चढवायला ताकद लागते, म्हणून चरणं, हिंडणं, अंग चाटणं बंद. पुढे फ्रान्समधले रॉबर्ट दान्त्झर आणि इतरांनी दाखवलं की त्यासाठी जंतूही लागत नाहीत. दाहाच्या वेळी पेशी सोडतात ती सायटोकाइन नावाची प्रथिनं धडधाकट उंदराला टोचली, तरी तो कोपरा धरतो, नव्या सोबत्याला हुंगतही नाही.

ही झाली आजाराची शाखा; संशोधनाची दुसरी शाखा ताणाची. १९८७ मध्ये लंडनमध्ये पॉल विल्नर आणि सहकाऱ्यांनी उंदरांना बारीकसारीक छळलं. पिंजरा कलता कर, भुसा ओला कर, रात्री दिवे ठेव, सोबती बदल. एकेक त्रास किरकोळ, पण आठवडेच्या आठवडे, आणि कधी कोणता येईल याचा नेम नाही. (पावसाच्या भरवशावर कर्ज काढणाऱ्याला हे समजावून सांगायला नको.) उंदरांची साखरपाण्याची ओढ आटली. पेंडीवरून तोंड फिरवणारा खिलार आणि हा उंदीर एकाच कुळातले.

दोन्ही शाखा पुढे एकमेकींना मिळाल्या. ताणात स्रवणारी कॉर्टिसॉलसारखी संप्रेरकं एरवी दाह आवरतात. ताण हटेचना, की रोगप्रतिकारक पेशी त्यांचं ऐकेनाशा होतात आणि दाह धुमसत राहतो. मग ज्या ट्रिप्टोफॅन नावाच्या अमिनो आम्लापासून मेंदूनं सेरोटोनिन हे संदेशवाहक रसायन करायचं, ते दुसऱ्याच वाटेला लागतं. २००९ च्या एका प्रयोगात ही वाट उघडणारं विकर औषधानं अडवलं. जंतूंचं विष टोचूनही त्या उंदरांत उदासीची लक्षणं दिसली नाहीत. माणसातला पुरावा वेगळ्या दारानं आला. काविळीच्या ‘सी’ विषाणूवर इंटरफेरॉनची इंजेक्शनं घेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना औषधानंच नैराश्य आलं.

उंदीर खरोखर खिन्न असतो का, हे मात्र कुणालाच विचारता येत नाही. साखरपाणी किती उरलं, एवढंच मोजता येतं. गोठ्यातही माप तेच. गुरांच्या लम्पी रोगाच्या साथीत सुई देऊन गेलेल्या डॉक्टरनं दुसऱ्या दिवशी फोन केला, की पलीकडून उत्तर येई, “सकाळपासून रवंथ करतंय.”